आग्रहाला बधणारं ॲप

ताईचं लग्न तिच्या ऑफिसातल्या एका जर्मन मुलाशी ठरलं, तेव्हा डोंबिवलीत आमच्या मजल्यावर सगळ्यांना एकच काळजी पडली: तो तिखट खाईल का? आईची काळजी वेगळीच होती. लग्नानंतर ताई तिकडे जाणार, आणि ताईला पहिल्या खेपेला 'हो' म्हणताच येत नाही. पोटात कावळे ओरडत असले तरी आधी 'नको'. तिला दुसऱ्यांदा विचारावं लागतं.

"तिकडे कोण विचारणारे दुसऱ्यांदा? उपाशी मरेल पोरगी," आई म्हणाली. हे विहीणबाईंना सांगायलाच हवं, आणि तेही जर्मनमध्ये. "जावयाकरवी सांगू? विहिणीला निरोप धाडायला ती काय दूधवाली आहे?"

विहीणबाई महिन्याभराने जेवायला यायच्या होत्या. तोवर आईला जर्मन शिकवेल असं ॲप निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण घरातला रिकामटेकडा म्हणून माझीच ख्याती आहे.

पहिल्या ॲपात एक मुलगा सफरचंद खात होता. आठवडाभर तेच. "याची आई कुठाय?" असं विचारून आईने ते काढून टाकायला लावलं. दुसरं खास प्रवाशांसाठी होतं: पाणी द्या, खोली द्या, बिल द्या. मला ते फार आवडलं. आईने नाक मुरडलं. "अरे, यात सगळे मागतातच. वाढत कोणीच नाही."

मी वैतागलो. म्हटलं, तुला भाषा शिकायचीये की पंगत वाढायचीये? तिने अशी नजर टाकली की मी मुकाट्याने तिसरं ॲप घेतलं.

यात एका बाईशी गप्पा मारता येत. बाई नव्हतीच, नुसता आवाज. आई मराठीत बोलायची, आवाज तेच जर्मनमध्ये म्हणून दाखवायचा आणि वर उत्तरही द्यायचा. आईने विचारलं, जेवलीस का? आवाज म्हणाला, मी प्रोग्रॅम आहे, मी जेवत नाही. शहाणा माणूस इथे थांबतो. आईने त्याला पुरणपोळी देऊ केली. नको, आभारी आहे. अर्धी तरी घे. मला खाता येत नाही. अगं, माझ्यासाठी! बराच वेळ हे चाललं आणि शेवटी आवाज म्हणाला, बरं, अर्धी द्या.

"हेच ठेव," आई म्हणाली. "हिला रीतभात आहे."

जेवणाच्या दिवशी आईने विहीणबाईंना पोळी वाढली, पदराला हात पुसले आणि पाठ केलेलं वाक्य धडाधड म्हणून टाकलं: माझी मुलगी नको म्हणेल, तिला पुन्हा विचारत जा. विहीणबाई गंभीर झाल्या. त्यांनी आईचा हात धरला आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. ताईने मान खाली घालून ते मराठीत सांगितलं.

"त्या म्हणतायत, त्यांचा मुलगा नको म्हणतो, तेव्हा त्याला खरंच नको असतं."

आम्ही सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. त्याच्या पानात चौथी पोळी होती, वर तुपाची धार, आणि तो घाम पुसत पुसत ती संपवत होता. साखरपुड्यापासून बिचारा आमच्याकडे असाच जेवत होता, आणि आई मजलाभर सांगत होती, आमचा जावई मोठा खवय्या! मला त्याची मनापासून दया आली.

आईच्या हातात त्याच्यासाठी पाचवी पोळी तयार होती. तिला ती वाढायचीच होती, मला दिसत होतं. पण तिने पोळ्यांचं ताट विहीणबाईंच्या हातात दिलं. विहीणबाईंनी ताईला विचारलं. ताई म्हणाली, नको.

विहीणबाईंनी एकदा आईकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं.