ज्ञानाचं बक्षीसपत्र

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे मी छाती फुगवून सांगतो. आमच्या गडमुडशिंगीत ज्या चिंचेखालून लोक भरदुपारी चप्पल हातात घेऊन पळायचे, तिथं मी खाट टाकून घोरलोय... माझं घोरणं ऐकून तिथं जे काही होतं तेच गाव सोडून गेलं, असं लोक सांगतात. (लोक म्हणजे मीच.) तरीपण पुढचं वाचा.

कागल पंचतारांकित एमआयडीसीत एक फौंड्री आहे. नाव सांगत नाही, अजून तिथंच कामाला आहे. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं, हा आमचा धंदा. सगळा खेळ वाळूतल्या पाण्याचा. जरा जास्त झालं की माल आतून पोकळ, सरळ भंगारात. आणि ते पाणी ओळखायचे एकटे बसाप्पा अण्णा. कुरुंदवाडचे, एकतीस वर्षं वाळूवर. मुठीत घ्यायची, आवळायची, गोळा मधोमध मोडायचा आणि म्हणायचं, "दोन घोट जास्ती झालंय." मशीनही माल ओतून झाल्यावर तेच सांगायचं, पण लाजत लाजत. एकदा तर वाळू दाबून अण्णांनी मिक्सरवाल्याला विचारलं, "काल सासुरवाडीला गेलतास न्हवं?" — आणि तो गेला होता!

दोन वर्षांपूर्वी साहेबांनी पुण्याहून कन्सल्टंट आणला. नॉलेज मॅनेजमेंट! माणसांच्या डोक्यातलं सगळं कंपनीच्या सिस्टिममध्ये उतरवायचं, म्हणजे माणूस गेला तरी ज्ञान राहतं. कामगारांनी त्याचं 'नालेज' केलं. साहेबांनी मला केबिनमध्ये घेऊन सोप्या भाषेत समजावलं, "अण्णाला पिळून घे. झालं की घरी पाठवू." मी कोऑर्डिनेटर झालो. चाकाची खुर्ची मिळाली.

फॉर्म इंग्रजीत होता, मराठी मी करायचा. 'ज्ञान हस्तांतरण' इथवर जमलं, पुढं गाडी अडली. घरात मामांनी प्लॉट दिला तेव्हाचं बक्षीसपत्र होतं. त्यातला मजकूर उचलला आणि 'सदर मिळकत'च्या जागी 'सदर ज्ञान' घातलं — "सदर ज्ञान मी राजीखुशीने कायमचे लिहून देत असून त्यावर यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही." खाली लिहून देणार, लिहून घेणार. कन्सल्टंट म्हणाला, व्वा, भारदस्त आहे. मंजूर.

अकरा दिवस अण्णांसमोर मोबाईल धरून बसलो. माणूस असा खुलला! एकतीस वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आठव्या दिवशी हळूच म्हणाले, "विज्या, हे झाल्यावर मला नव्या पोरास्नी शिकवायला ठिवणार न्हवं?"

"तर काय अण्णा! तुमच्याशिवाय हाय कोण?"

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. मी कोऑर्डिनेटर चांगलाच होतो.

शनिवारी सह्या झाल्या. लिहून देणार अण्णा, लिहून घेणार कंपनीतर्फे मी. सोमवारी सकाळी अण्णांनी वाळू मुठीत घेतली, आवळली... आणि उभेच. दुसरी मूठ. तिसरी. मग माझ्यापुढं हात धरून म्हणाले, "विज्या, काय लागंना रं हाताला. हातमोजा घातल्यागत झालंय."

मागून हशा. "अण्णा, नालेजबरोबर मूठ बी लिहून दिलीसा काय?"

त्या दिवसाचा सगळा माल भंगारात गेला. साहेबांना निमित्तच हवं होतं. शुक्रवारी शाल आणि नारळ. नारळ मीच आणला होता, त्यातल्या त्यात लहान बघून.

डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, वय झालं. मलाही पटलं. पण पंधरा दिवसांनी अण्णांच्या मुलाचा, इराण्णाचा फोन आला. तो गावात शेती बघतो.

"पावणं, एक इचारू? माती मुठीत धरून आमी रानाचा वाफसा बघतोय. ल्हानपणापासनं. आता मला कळंनाच झालंय की! ओल्या रानात ट्रॅक्टर घातला, मधीच रुतून बसलाय. आन् अण्णांच्या शर्टाची बटणं बी आता अव्वाच, माझी आईच, लावतीया."

इराण्णा चौतीस वर्षांचा. बाप-लेकाची नस एकदम दबत नाही. मला एकदम ती ओळ आठवली — 'अगर माझ्या वारसांचा'...

रविवारी उलट कागद तयार करून कुरुंदवाडला गेलो. या खेपेला लिहून देणार मी, घेणार अण्णा. वारसांची ओळ गाळलेली. अण्णा बांधावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, खालची ओली माती उचलून माझ्या हातावर ठेवली. "आवळ."

आवळली. गोळा मोडला. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दोन घोट जास्ती. चार दिवस थांबा."

इराण्णाचं तोंड उघडंच राहिलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्याकडंच हाय की रं लेका. आण कागद, करूया सह्या."

खरं सांगतो... त्या क्षणी मला फौंड्री दिसली. पाणी ओळखणारं तिथं आता कुणी नाही. मी सोडून! कागदाची घडी घालून मी खिशात ठेवली.

"पेन विसरलो की हो अण्णा. पुढच्या खेपेला."

अण्णांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं. तिथं दोन पेनं होती. इराण्णानं त्यांना हाताला धरून घरी नेलं.

पुढं दीड वर्ष राज्य माझं. मी ढिगाकडं बघून नुसती मिशी पिळली तरी वाळूतलं जादा पाणी घाबरून उडून जायचं! कुरुंदवाडकडं फिरकलोसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात साहेबांनी माझ्यापुढं एक फॉर्म सरकवला. माझाच.

"विजय, सगळं तुझ्या एकट्याच्या हातात आहे, हे बरं नाही. सोमवारी सही. नाहीतर दुसरीकडं बघ."

"साहेब, ती वारसांची ओळ तेवढी काढू?"

"फॉरमॅट मंजूर आहे. ऑडिट आहे. एक अक्षर हलवायचं नाही."

घरी आलो तर माझी नऊ वर्षांची तनू आईच्या परातीत हात घालून बसलेली. कणीक मुठीत घेतली, आवळली, गोळा मधोमध मोडला. "आई, दोन घोट जास्ती झालंय."

हे शब्द मी घरात कधीच उच्चारलेले नाहीत. मी तिचे हात बघत राहिलो. इवलेसे हात. चित्रं काढते ती, छान काढते.

म्हणून आज सकाळी सहा पेनं घेऊन कुरुंदवाड गाठलं. सोमवारच्या आत ज्याचं त्याला परत गेलं तर उद्या लिहून द्यायला माझ्याकडं काही उरणारच नव्हतं. अण्णा कट्ट्यावर होते. कागद त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "घ्या परत अण्णा. पाया पडतो. पोरगी हाय मला."

"मला बी पोरगा हाय," अण्णा म्हणाले. मग त्यांनी सावकाश आपला रिकामा खिसा चाचपला. "पेन विसरलोय की रं."

मी सहाच्या सहा पुढं केली.

"कुठं हाईत?" माझ्या डोळ्यांत बघत ते म्हणाले. "पुढच्या खेपेला ये."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. योगायोग म्हणा, मनाचे खेळ म्हणा, कुणाला काही सुचत असेल तर आजच कळवा. फॉर्म बॅगेत आहे. आत तनू पुन्हा कणीक मळायला बसलीय. तिची आई म्हणाली, पुरे आता, ऊठ. मी म्हटलं, असू दे... मळू दे तिला.