जयाच्या तीन अमावास्या

मनोरीच्या जयाने अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात गिऱ्हाइकासमोर एक शब्द कधी उच्चारला नव्हता: ‘काल’. पाटीतला मासा कालचा असो की परवाचा, तो ‘आत्ताच’ आलेला असे, आणि ते ती अशा थाटात सांगे की समोरच्याने टाळी द्यावी. त्यामुळे उतारवयात ती परकी भाषा शिकायला बसली, तेव्हा पहिला धडाच अडला.

शिकवणारा होता सहदेव, बोरिवलीच्या बाजारातला तिचं जुनं गिऱ्हाईक. मूळ देवगडचा. बावीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता आणि बरोबरचे निम्मे खलाशी इंडोनेशियाचे. तो बोंबील घ्यायला येई; ते साफ होईपर्यंत शिकवणी चाले.

“ह्या भाषेत क्रियापद जाग्यावरून हलणा नाय बघ,” सहदेव म्हणाला. “खाल्लंय, खातंय, खातलंय, सगळा ‘माकान’. काळ सांगूचो तर वेगळो शब्द लावूचो. कमारिन म्हणजे काल, सकारांग म्हणजे आता, बेसोक म्हणजे उद्या. म्हण बघू, मासे इले कमारिन.”

“सकारांग आले. ताजे हायत.”

“अगो, धडो आसा तो!”

“धडा घरी. हितं गिऱ्हाईक ऐकतंय.”

ही खटपट कशासाठी, तर विहिणीशी बोलण्यासाठी. जयाची लेक हेमांगी मोठ्या प्रवासी बोटीवर नोकरीला होती. तिथे तिने बालीच्या कादेकशी जमवलं आणि घरी न विचारता लग्न केलं. जया लग्नाला गेली नाही. वर्षभर फोनही घेतला नाही. मग चैत्रातल्या अवसेला, भर उधाणाच्या वेळी, नात जन्मली आणि जयाने स्वतःहून फोन लावला. बोलता बोलता हेमांगी म्हणाली, “आई, हिथं बालीत पोरीचे पाय जमिनीला लावून देत नाय. तीन महिने सगळ्यांच्या अंगावरच. मग पूजा करून टेकवतात.”

जयाने तेव्हाच ठरवलं. लग्न चुकलं, हे चुकवायचं नाही. आणि विहिणीशी बोलायचं ते आपल्या तोंडाने. रुसून बसलेल्या बाईने लेकीला मध्ये घालून बोलायचं, हे तिला पटेना.

तीन महिने म्हणजे तीन अमावास्या; समुद्रावर जगणारी माणसं दुसरं काय मोजणार? बोटांवर हिशेब झाला. आषाढी अवसेच्या तीन दिवस आधी पोचायचं, दहा दिवसांनी परत. कारण नारळी पुनवेला होडीची पूजा. चौतीस वर्षं होडीला हळद-कुंकू तिनेच लावलं होतं. नारळीभातही तिच्याच हातचा. तिच्या मुलाने, सिद्धेशने, तिकिटं काढली. हेमांगीला मुद्दाम सांगितलं नाही. पडदा वर जाईपर्यंत नटाने तोंड दाखवू नये, तसं.

निघायला पंधरा दिवस राहिले, तेव्हा सहदेवला शेजारी बसवून तिने विहिणीला व्हिडिओवर गाठलं. लेकीची सासू ती. घरात सगळे तिला इबू म्हणत, म्हणजे आई. जयाने घोकलेलं वाक्य सोडलं: मी येते, अवसेला. पाय टेकवताना मी तिथे.

इबूचा चेहरा आधी उजळला आणि मग गोंधळला. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि बोट ठेवत दाखवलं. त्यांच्या पूजेचा महिना पस्तीस दिवसांचा. पस्तीस, पस्तीस, पस्तीस.

“एकशे पाच झाले गो,” सहदेव हळूच म्हणाला. “नारळी पुनवेच्या दोन दिवस नंतर.”

जयाने सहदेवकडून शब्द घेऊन विचारलं, आधी नाही का करता येणार?

“बलूम,” इबू हात जोडून म्हणाली. “बलूम.”

“अजून नाय, म्हणताहा ती,” सहदेवने सांगितलं. “वेळ झाली नाय.”

जयाने तो सूर ओळखला. समुद्र कितीही निवला तरी नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. घाई करणाऱ्या तरण्या खलाशांना तिने स्वतः याच सुरात कितीदा थांबवलं होतं. त्यावर तिच्याशी हुज्जत घालून कोणी जिंकलं नव्हतं. आता तिची जागा त्या खलाशांच्या रांगेत होती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला, हरेश्वरला सांगितलं, “मी पुनवेला नाय. तिकीट पुढं ढकलते.”

“आनि होडी?”

“होडीला तुमी हळद लावा.”

“बाईमानसाचा मान त्यो! गाव हसंल मना.”

“हसू दे. पोरीच्या लग्नाला गेली नाय तवा पन गाव हसला. तवा तुमी मना काय बोललाव?”

हरेश्वर काहीच बोलला नव्हता, ते दोघांनाही माहीत होतं. त्याने विडी विझवली. “भातात गूळ किती टाकतेस?” त्याने विचारलं.

एकशे पाचव्या दिवशी, बालीतल्या एका अंगणात, पूजा आटोपल्यावर इबूने पोर उचलली आणि कोणाला न विचारता जयाच्या हातात दिली. हेमांगी आईकडे बघत राहिली. जया वाकली. नातीने मात्र दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि ते काही खाली सोडेना. मंडळी हसली, कोणीतरी पोरीचा पाय धरायला पुढे आलं.

“र्‍हाऊ द्या,” जया कोळी बोलीत म्हणाली, आणि ते सगळ्यांना समजलं. ती तशीच वाकून उभी राहिली. कंबर दुखत होती.