डिम्पनाने न ऐकलेलं गाणं

डिम्पना रॉसिटर माझी शेजारीण. नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा आयबर तिने शिवणकामावर वाढवला. उंचीने एवढीशी, चालायला लागली की मात्र आम्ही धापा टाकत मागे. त्या चालण्यानेच तिचा घात केला.

आमच्या वेक्सफर्ड गावात ऑक्टोबर सरता सरता ऑपेरांचा उत्सव भरतो. जगाने अडगळीत टाकलेले ऑपेरे शोधून काढायचे, झटकायचे, एका मोसमात गायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे, अशी इथली रीत. एकदा झालेला पुन्हा होत नाही. चुकला तो चुकला. कथा काय, शेवट काय, गाणाऱ्यांशिवाय कुणाला ठाऊक नसतं. खाटीकसुद्धा सॉसेजच्या माळांत पुठ्ठ्याची वीणा उभी करतो आणि गावभर दिमाखात सांगतो, "यंदाचा फार दुर्मिळ आहे हं!" ऐकलेला त्यानेही नसतो.

डिम्पना, आमची मैत्रीण नॅन कॉड आणि मी दरवर्षी शेवटच्या रविवारचा पाचचा, अखेरचा खेळ धरायचो. डिम्पनाचा हिरवा मखमली झगा एकच, पण बाह्या दरसाल नव्या. नॅन म्हणायची, "डिम्पना, यंदा या झग्याला म्हातारपणी लग्न केलेल्या नवरदेवासारखं वाटत असेल, नवी बाही आणि जुनंच अंग!"

आयबर खाटकाच्या दुकानात कामाला होता. संध्याकाळी उत्सवाच्या कोरसमध्ये गायचा. गावातली पोरं तेव्हा अशीच गायची. त्या वर्षी तो घरी आला आणि म्हणाला, "आई, यंदा एका ठिकाणी मी एकटा गाणार आहे. कुठे ते नाही सांगणार. तू ओळख."

ऑपेरा पोलिश होता. शब्द त्याने पोपटासारखे पाठ केले होते. डिम्पना रोज शिवता शिवता दाराला कान लावायची, पण हा पठ्ठ्या म्हणायला जायचा धक्क्यावर, समुद्रपक्ष्यांना ऐकवायला.

खेळाच्या दिवशी ती कडेच्या खुर्चीवर बसली. पहिला अंक गेला, दुसरा गेला. आयबर दिसायचा, पण घोळक्यात. डिम्पनाचा हातरुमाल पिळून पिळून दोरी झालेला. तिसऱ्या अंकात नायिका विष पिऊन मेली, बराच वेळ गात मेली, आणि पडदा पडला. टाळ्यांचा कडकडाट. अर्धी माणसं उभी राहिली.

डिम्पना पांढरीफटक. माझ्या कानाशी म्हणाली, "गाळलं गं त्याचं. गेल्या वर्षी सुताराच्या पोराचं नव्हतं का गाळलं? आता तोंड पाडून येईल. मी पुढे होते, काहीतरी गरम करून ठेवते."

"अगं थांब, मी येते," म्हणेपर्यंत हिरवा झगा दारातून बाहेर. माझे पाय सुजलेले. मी जोडे काढून बसले होते आणि एक जोडा खुर्चीखाली कुठेतरी पुढे सरकला होता. नॅन वाकून चाचपत होती, मी वाकून चाचपत होते.

तेवढ्यात पडदा पुन्हा वर गेला.

रंगमंचावर काळोख. एकच माणूस कंदील घेऊन आला. थडगं खणणारा. आयबर. त्याने कंदील खाली ठेवला आणि गायला लागला. मागे वाद्यंसुद्धा जवळजवळ गप्प. उभी राहिलेली माणसं असतील तिथेच राहिली. माझ्या एका हातात जोडा आणि नॅन माझा दुसरा हात दाबतेय. गाता गाता तो आमच्या रांगेकडे बघत होता, पण समोरच्या दिव्यांमुळे तिकडून काही दिसत नाही म्हणतात.

तिच्या घरी पोचले तर डिम्पना तव्यावर बटाट्याच्या वड्यांसारखे रिसोल परतत होती. मी सांगितलं. तिने उलथणं खाली ठेवलं नाही. रिसोल मात्र करपले.

"त्याला कळता कामा नये, पेग."

मग आयबर आला, तोंडाला अजून रंग. "ऐकलंस, आई?"

"ऐकलं रे राजा. अंगावर काटा आला."

त्याने करपलेले रिसोल सगळे खाल्ले.

पुढे तो कॅनडाला गेला, तिकडेच त्याचा संसार झाला. डिम्पना मात्र उत्सवात खुर्ची सोडेना. पडदा पडो, दिवे लागोत, झाडूवाली पायाशी येवो, ही बसलेलीच. "अजून असेल काहीतरी," म्हणायची. नॅन चिडवायची, "बाई, आता फक्त केर उरलाय!"

गेल्या उत्सवात आयबर आला. दाढी पिकलेली. दुपारी पबमध्ये नेहमीसारखी गाणी चाललेली, कुणीतरी ओरडलं, "आयबर, तुझं ते थडगंवाल्याचं होऊ दे!"

तो हसला. "विसरलो हो. पोलिश पाठ केलेलं किती दिवस टिकणार?" मग आईकडे वळला. "आई, तू ऐकलं होतंस ना? चाल तेवढी धर, मी येतो मागून."

 डिम्पनाने टेबलाखाली माझा गुडघा धरला. मग डोळे मिटून काहीतरी गुणगुणली. शिवताना गुणगुणायची तसलं, चर्चमधलं, अर्धंमुर्धं. ते हे नव्हतं, एवढं मला माझ्या दगडी कानांनीही कळलं. आयबर तिच्याकडे बघत राहिला. 

"हो, हेच," म्हणाला, आणि तिच्याच चालीवर, कसलेतरी शब्द जोडून, शेवटपर्यंत गायला. पबने टेबलं बडवली.

परत येताना तो नॅनला हात देत पुढे चालला होता. डिम्पना, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या मागे राहिली.

"मी ऐकलं नव्हतं हे त्याला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "दोघांनी मिळून खोटं गायलं. आता खरं विचारू कुणाला? पेग, तुला तरी आठवतं? थोडंसं?"

काय सांगणार? आवाज आठवतो, कंदील आठवतो. चाल नाही.

"मी जोडा शोधत होते, डिम्पना," मी म्हणाले.