उरलेले सेल

कानाची मशीन चालू आहे की बंद, हे पाहायला पुरावेकाकांना कुठलंही यंत्र लागत नसे. हाताची वाटी करायची आणि मशीन लावलेल्या कानाजवळ न्यायची. चालू असेल तर ती बारीक शिट्टी मारते, बंद असेल तर गप्प राहते. गिऱ्हाईक सांगे, "चालूच असते हो माझी, दिवसभर घालतो." काका हात पुढे करत, आणि शिट्टी वाजली नाही की भुवया उंचावून विचारत, "पुरावा?"

त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी उन्हाने इतकी विटली होती की खुद्द काकांनाही ती वाचायला चष्मा लागे. दुकान कसलं, एका जिन्याखालची खोली. एक टेबल, एक भिंग, बारीक ब्रशांचा डबा आणि कानातला मळ काढून काढून वाकलेल्या तारा. लोकांच्या कानातली घाण उपसण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला माणसांबद्दल फार गोड समज उरत नाही. काकांनाही नव्हता.

देव त्यांनी ऐन तारुण्यातच निकालात काढला होता. त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं की आसपासचे दुकानदार ते त्यांच्याआधी पूर्ण करत. "माझ्याकडे येणाऱ्या बहिऱ्याला निदान मशीन लावता येते. तुम्ही लोक अशाशी बोलत बसता, ज्याला कानच नाहीत." हे ऐकून कुणी हसे, कुणी चिडे. काकांना दोन्ही चाले.

पण माणूस सरळ होता, अगदी त्रास होईल इतका सरळ. जुनी मशीन चालण्यासारखी असेल तर नवी घ्या म्हणून कधी सांगितलं नाही. रस्त्यात कागदाचा कपटा टाकला नाही. कचऱ्याचा डबा सापडेपर्यंत तो खिशात घेऊन फिरत, आणि मग बायकोला धुण्यात त्याचा लगदा सापडे. "देव मानणाऱ्यांचं बरं असतं," ते म्हणत. "चूक केली, माफी मागितली, सुटले. मला माफ करायला वर कुणी बसलेलं नाही, म्हणून मला नीट वागावं लागतं." यात तथ्य होतं, फक्त ते दर जेवणाला ऐकावं लागे.

आणि जग तर त्यांना छळायलाच निघालं होतं. सकाळी डोळे उघडायच्या आत फोनवर फुलांची आणि आशीर्वादांची चित्रं येऊन पडत. ज्यांनी आयुष्यात कधी साधी चौकशी केली नाही त्यांचेही आशीर्वाद. बँकेला फोन लावावा तर एक बाई मंजुळ आवाजात सांगे की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, आणि अर्धा तास तेच सांगत राही. डॉक्टरकडे जाऊन आलं की दवाखाना विचारी, अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल. घराजवळच्या प्रार्थनाघराने भोंगा बसवला आणि समोरच्या मोबाइलच्या दुकानाने त्याहून मोठा बसवला. बसमध्ये लोक स्वतःची भांडणं फोनच्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकवत. काका दुकानात येऊन म्हणत, जगात दोनच जातीची माणसं उरलीत, ज्यांना ऐकू येत नाही ती आणि जी ऐकत नाहीत ती.

हे सगळं संध्याकाळी घरी जाऊन बायकोपुढे पुन्हा पहिल्यापासून होई. बायको देवभोळी. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिने किल्ला लढवला. ते म्हणत पुरावा, ती म्हणे श्रद्धा. भांडी वाजत, लेक अभ्यासाची वही घेऊन शेजारी पळे. पुढे बायकोचे कान गेले. काकांनी आपल्या हाताने तिच्या कानाचा साचा घेतला, बाजारातली उत्तम मशीन आणली, आठवडाभर खपून आवाज जुळवला. असं काम त्यांनी कुणासाठी केलं नव्हतं. आणि गंमत अशी की मशीन आल्यावर काही दिवसांतच वाद थांबले. काका बोलत आणि ती ऐकून घेई. मान डोलावी, मधेच उठून चहा टाके. काकांनी हिशेब मांडला तो असा: आधी अर्धवट ऐकू येत होतं म्हणून भांडत होती, आता शब्द न् शब्द ऐकू येतो, तर पटतंय. प्रार्थनाघरात ती जात राहिली, पण ती सवय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्या शांत वर्षांतलीच एक संध्याकाळ काकांनी जपून ठेवली होती. त्या दिवशी दुकानात बारीक स्क्रू त्यांच्या बोटांतून पुन्हापुन्हा निसटला. घरी येऊन ते नेहमीसारखे सुरू झाले आणि भलत्याच ठिकाणी पोचले. म्हणाले, मला मरणाची भीती वाटते. तुला निदान कुठेतरी जायचं आहे, मला कुठेच जायचं नाही. कधीकधी वाटतं, देवाबद्दल आपलं चुकलं असतं तर बरं झालं असतं. हे ते जन्मात कुणाला बोलले नव्हते. बायकोने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, हळूच मान हलवली आणि चहाचा कप पुढे सरकवला. काकांना वाटलं, याहून शहाणं उत्तर कुणी देऊ शकत नाही. त्या एका मान हलवण्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली.

आता बायको अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. लेक परगावाहून येऊन राहिली. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, प्रार्थनाघरातल्या मोठेभाऊंना बोलावू या, आईच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणतील.

काकांनी साफ नकार दिला. आवाजसुद्धा चढवला नाही. इतकी खात्री होती. तुझ्या आईने हे सगळं कधीच सोडलंय, म्हणाले. कितीतरी वर्षांत तिने माझं एक वाक्य खोडलेलं नाही. आता ती अशी लुळी पडली असताना तिच्या नावावर खोटं खपवायचं, हे मला जमणार नाही.

लेक बापावरच गेलेली. तिने फक्त विचारलं, "आईनं तसं सांगितलंय का तुम्हाला, बाबा? पुरावा काय?"

काकांना राग आला, पण प्रश्न त्यांचाच होता. ठीक आहे, म्हणाले, विचारू. मात्र नीट विचारू, तिला लख्ख ऐकू येत असताना. पुन्हा कुणी म्हणायला नको की म्हातारीला प्रश्नच कळला नाही.

म्हणून त्यांनी मशीन साफ करायला घेतली. ती उशीशेजारी डबीत होती. नळी पुसली, साचा धुतला, आणि नवा सेल घालायला बायकोच्या कपाटाचा खण उघडला. हे सेल ते स्वतः दुकानातून आणून देत, एक पाकीट संपायच्या आत दुसरं. सेलच्या पाठीवर रंगीत चिकटपट्टी असते. ती सोलली की सेल जिवंत होतो आणि आठवडाभरात मरतो, मशीन घातली तर. खणात पाकिटंच पाकिटं होती. रबराने बांधून, नीट रचून, जुनी खाली आणि नवी वर. खालच्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. एखाददुसरा सेल काढलेला होता, बाकी एकाचीही पट्टी सोललेली नव्हती.

दुकानात याच पाकिटांवरून ते माणसं पकडत. मुलगा येऊन सांगे, वडील दिवसभर मशीन घालतात. काका विचारत, मग सेल का संपले नाहीत? आजवर ते कधी फसले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लोकांच्या घरचे सेल मोजणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचा खण कधी उघडला नव्हता. काका तिथेच जमिनीवर बसले. ती संध्याकाळ त्यांना आठवली, तो चहाचा कप आठवला.

बऱ्याच वेळाने उठून त्यांनी बायकोच्या कानात मशीन बसवली, हाताची वाटी केली. शिट्टी वाजली. मांडीवर एक पाकीट ठेवून ते शेजारी बसले. बायकोने पाकिटाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"बंद ठेवायचीस?" त्यांनी विचारलं.

"आधी फक्त तुमचं व्याख्यान सुरू झालं की." तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "मग पुन्हा चालू करायचं राहूनच जायचं. प्रार्थनाघरात जाताना तेवढी घालायचे."

"मला वाटलं, तुला पटलंय."

"पटलं म्हणून गप्प नव्हते हो. ऐकू येत नव्हतं म्हणून गप्प होते."

"सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर बोलला असता." तिला हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. काकांनी पाणी पाजलं. ओठांपर्यंत आलेला दुसरा प्रश्न, त्या संध्याकाळचा, त्यांनी गिळला. विचारून काय मिळणार होतं? उत्तर खणात रचून ठेवलेलं होतं. त्याऐवजी त्यांनी ज्यासाठी मशीन साफ केली तो प्रश्न विचारला. ती एवढंच म्हणाली, "बोलवा. तुम्ही मात्र मधे बोलू नका."

मोठेभाऊ दुसऱ्या दिवशी आले. ते काकांचं जुनं गिऱ्हाईक. दुकानातून निघताना दर वेळी म्हणत, तुमचं भलं होवो, आणि काका दर वेळी म्हणत, भलं राहू द्या, सेल वेळेवर बदला. आज काकांनी स्वतः दार उघडलं, खुर्ची दिली, बायकोच्या कानाशी हात नेऊन शिट्टी तपासली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मोठेभाऊ हलक्या आवाजात म्हणू लागले. काकांना त्यातलं एक अक्षरही खरं वाटलं नाही. पण बायको ऐकत होती. कपाळाच्या आठ्या गेल्या होत्या, डोळे मोठेभाऊंच्या तोंडावर होते, आणि एखादा शब्द तिच्याही ओठांवर येत होता. ती ऐकते तेव्हा अशी दिसते, हे काकांना माहीतच नव्हतं. त्यांना मत्सर वाटला, आणि त्याची लाजही वाटली.

मोठेभाऊ गेले. लेक त्यांना सोडायला खाली उतरली. खोलीत दोघंच उरली तेव्हा काका खुर्ची ओढून उशाशी बसले. त्यांनी घसा खाकरला. जुन्या सवयीने बायकोचा हात सावकाश कानाकडे गेला, तिथे काहीतरी चाचपलं आणि पांघरुणावर परत आला. मशीन बंद केली, की नुसती सारखी केली, ते कळलं नाही. तिने डोळे मिटून घेतले.

काकांच्या हाताची वाटी आपोआप झाली होती. हात एवढासा पुढे नेला असता, तर खरं काय ते कळलं असतं. तो हात त्यांनी तसाच मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. खालून मोबाइलच्या दुकानाचा भोंगा सुरू झाला. त्यावर ते काही बोलले नाहीत.

"मला मरणाची भीती वाटते," ते म्हणाले. "तुझ्याही." मग त्या संध्याकाळी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतलं, हळू आवाजात, मोठेभाऊ बोलत होते तितक्याच.