दुरुस्तीतला फक्त ‘द’

वर्तकनगरच्या त्या ऑफिसात मी तीन वर्षं काढली. त्यातली दोन आमच्या टीम लीडचा राग राग करण्यात गेली.

कंपन्यांसाठी आम्ही ब्राउझरमध्ये चालणारं चॅट बनवायचो. प्रत्येक कामाचं वेगळं चॅनल. मेसेजमध्ये हॅश टाकून चॅनलचं नाव लिहिलं, की ते ओळखून त्याची निळी लिंक करायची. तिच्यावर क्लिक केलं की माणूस थेट त्या चॅनलमध्ये. हा भाग माझ्याकडे होता, पण नाव कुठे संपतं हे ठरवणारा नियम लीडने लिहिलेला. त्याच्या नियमाला काना, मात्रा, उकार माहीतच नव्हते. मराठी नाव पहिल्याच उकारापाशी तुटायचं. मी तक्रार नोंदवली आणि त्याला दाखवायला गेले.

“मराठीत चॅनल कोण काढणारे? बंद कर ते,” तो म्हणाला. स्क्रीनकडे बघितलंही नाही. स्वतः साताऱ्याकडचा!

मी पुढच्या कामाला लागले.

दोन महिन्यांनी मानपाड्याच्या एका कारखान्याने आमचं चॅट घेतलं. तिथले मेंटेनन्सचे सुपरवायझर निवृत्तीला आलेले, मूळ तिथल्याच गावचे, सगळ्यांचे काका. त्यांनी ‘#दुरुस्ती’ नावाचं चॅनल काढलं. कामगार मेसेजमध्ये हे नाव लिहायचे, पण लिंक व्हायची फक्त ‘#द’ एवढीच. तिच्यावर क्लिक केलं की आमचं चॅट ‘द’ नावाचं नवंच चॅनल उघडायचं. एका ऑपरेटरने तिथे तीन दिवस लिहिलं, प्रेसमधून तेल गळतंय. वाचायला तिथे कोणीच नव्हतं. चौथ्या दिवशी प्रेस बंद पडला आणि काकांच्या हातात मेमो आला.

लीड मला घेऊन तिथे गेला. मॅनेजरच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर, काकांना म्हणाला, “सिस्टीम ओके आहे. तुमच्या लोकांना जरा इंग्लिशमध्ये लिहायला शिकवा ना, काका.”

काकांचा चेहरा लालबुंद झाला. “मशीन बिघडली तर मी ऑपरेटरला सांगत नाही, तू बदल म्हणून.”

“चूक आमची आहे,” मी म्हणाले. लॅपटॉप मॅनेजरकडे फिरवला. माझी जुनी तक्रार, आणि तिच्याखाली लीडचा शेरा: गरज नाही.

परतताना रिक्षात तो फुत्कारला, “क्लायंटसमोर माझी इज्जत काढलीस तू.”

“होती कुठे काढायला? थांबव रे रिक्षा,” मी ओरडले आणि मधेच उतरले. त्याच्या शेजारी बसणं मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. अर्ध्या ओळीचं काम. सगळ्यांना मेल गेला तो त्याच्या नावाने, ‘आता भारतीय भाषांतही’ अशा थाटात. त्याच आठवड्यात मी राजीनामा टाकला.

जाण्याआधी काकांना फोन केला. मेमो मागे घेतला होता, माफी मात्र कोणीच मागितली नव्हती. मी मागितली.

“तुला दोन महिने माहीत होतं ना?” ते म्हणाले. “मग तेव्हाच का नाही भांडलीस?”

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. लीडला मी आजही माफ केलेलं नाही. पण काकांचा तो प्रश्न आठवला की माझा राग त्याच्याकडे जातच नाही, माझ्यावरच येतो.