दिव्यावरची कोळंबी

लांज्याजवळच्या आमच्या वाडीत शेजारचा एकजण तिन्हीसांजेला नदीच्या डोहात सापळा लावतो. प्लॅस्टिकच्या बरणीत बॅटरीवरचा बारीक दिवा असतो. उजेडाला भुलून बरणीच्या तोंडाला बसवलेल्या नरसाळ्यातून आत शिरलेल्या मासळीला परत बाहेर पडता येत नाही. सकाळी तो मूठभर कोळंबी आमच्या पडवीत आणून ठेवतो. काहीही विचारलं, की "तसं म्हटलं तर..." एवढंच बोलून खाली बघत बरणी पुसत राहतो.

यंदा डोहात मेलेले मासे तरंगले. कोणीतरी पाण्यात विषारी पावडर टाकतंय, असं वाडीत लोक बोलायला लागले. डोहावर रोज जाणारा हा शेजारीच, म्हणून मला त्याचाच संशय आला. त्याने दिलेली कोळंबी आम्ही मुकाट्याने परसात पुरू लागलो.

एका सकाळी तो थेट स्वयंपाकघराच्या दारात आला. "वहिनी, तवा द्या जरा," म्हणाला. त्याने कोळंबी स्वतः भाजली, आमच्यादेखत खाल्ली आणि उरलेली माझ्यापुढे सरकवली.

"आता तुमी खावा, भाऊ."

मी खाल्ली. चव नेहमीसारखीच गोड होती. तो गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "आपण तर कोणाजवळ बोललो नव्हतो. मग याला कळलं कसं?"