वैशालीचं दुखणं

वैशाली जमिनीवर पालथी पडून जेवायची. वाघोलीच्या माझ्या फ्लॅटवर ती भाड्यानं राहायला आली त्याच दिवशी तिनं ताट फरशीवर ठेवलं, कोपरांवर रेलली आणि म्हणाली, "ताई, अशी पाहू नको वं. बसून जेवलं की मले लय दुखते."

ती पुसदची, चोवीस वर्षांची. आयटी कंपनीत नोकरीला. डाव्या बरगडीखाली उठलेली कळ तिच्या पाठीत जायची, कधी लघवीतून रक्त पडायचं. सात वर्षं सगळे ॲसिडिटीच्या गोळ्या देत होते. एका डॉक्टरांनी तर "लग्न करा, थांबेल" असं सांगितलं होतं. "मंग नवऱ्याले देऊ का हे दुखणं?" असं त्यांना विचारून ती बाहेर पडली होती.

शेवटी एका तज्ज्ञांनी स्कॅन पाहून सांगितलं, डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांच्या मध्ये चिमटली आहे, अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी. फार थोड्यांना होतं हे. मी घाबरले. वैशाली मात्र दवाखान्याच्या जिन्यात आनंदानं रडायला लागली. "म्हणजे मले खरंच काही झालं आहे, ताई! मी सोंग करत नोती."

शस्त्रक्रियेत ती शीर खाली सरकवून जोडली. चार महिने वैशाली खुर्चीत बसून जेवली. मैत्रिणींबरोबर सिंहगड चढून आली. मग एका रविवारी भांडी घासताना तिचा हात मध्येच थांबला. त्या रात्री तिनं ताट पुन्हा फरशीवर ठेवलं.

पुन्हा स्कॅन झाला. शीर मोकळी होती. "आता दुखायला नको," डॉक्टर म्हणाले.

रिक्षात ती म्हणाली, "आता तं रिपोर्टही माह्या बाजूनं नाही."

दुखणं वाढत गेलं, रजा संपल्या. एका सकाळी मला कॉलेजात शिकवायला जायला उशीर होत होता आणि ती कण्हत होती. माझ्या तोंडून गेलं, "वैशाली, नक्की दुखतंय ना गं?"

ती कण्हायची थांबली. "जा तू. तुले उशीर होते."

त्यानंतर ती माझ्यासमोर कधी कण्हली नाही.

महिन्याभरानं तिचे वडील न्यायला आले. बॅग उचलत मला म्हणाले, "पुण्यात एवढे मोठे डॉक्टर. आता कुठी न्यावं हिले?" मी दुसरी पिशवी घेऊन त्यांच्यामागे जिना उतरले.

मी अधूनमधून फोन करते. "बरी आहो, ताई," ती म्हणते. दुखण्याबद्दल मला खरं सांगणं तिनं त्या सकाळीच बंद केलं.